सोनकांबळे बाई आणि माझे उपास

सोनकांबळे बाईंना डबा उघडून दाखवावा लागत नसे. मधल्या सुट्टीत आम्ही शिक्षक जेवायला बसलो की त्या लांबूनच नाक वर करून सांगायच्या, "ओ बाई, फोडणीला घाई झाली बघा आज. मोहरी तडतडायच्या आत लसूण टाकलाव तुम्ही." आणि ते खरं निघायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या आमटीची अशी चारचौघांत झडती घेतली तेव्हा मला भयंकर राग आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मी मोहरी नीट तडतडू दिली.

आमची शाळा अहमदपूरजवळच्या एका खेड्यात. आम्ही दोघी अहमदपूरहून एकाच एसटीनं जायचो, एकाच बाकावर बसायचो. बाई मूळच्या उदगीरकडच्या, शिकवायच्या गणित. पण एसटीत आमचा विषय एकच, स्वयंपाक. जुन्या ज्वारीची भाकरी थापताना तुटते म्हणून मी रडगाणं लावलं की त्या म्हणायच्या, "गार पाण्यानं कशाला झगडायलाव? उकळतं पाणी वता, झाकून ठिवा, मग मळा. म्हातारं पीठ हाय ते, त्याला शेक लागतंय." अंबाडीची भाजी आंबट ढाण झाली तर, "एकदा उकडून पाणी पिळून टाका अन् मूठभर तांदळाच्या कण्या घाला." आमटीला लावायचं येसर कसं भाजायचं, तेही त्यांनीच सांगितलं: प्रत्येक धान्य वेगवेगळं भाजायचं, सगळं एकदम कढईत लोटायचं नाही. आणि सगळ्यांवर त्यांचा एक कायदा होता, "चव बघितल्याबिगर डबा भरायचा न्हाई." माझ्या हाताला आज जी काही चव आहे, सासूबाईंनीही शेवटी कबूल केलेली, ती त्या बाकावर मिळालेली आहे.

आता लाजेची गोष्ट सांगते. बाई बौद्ध होत्या आणि त्यांच्या घरचं मी खात नव्हते. मला तसं कुणी बजावलं नव्हतं. माहेरी जे चालत आलं होतं ते मी गुपचूप पुढे चालवलं, इतकंच. वर्गात मुलांना सगळी माणसं सारखी म्हणून शिकवायचं आणि बाईंनी डबा पुढे केला की पित्ताचं निमित्त सांगायचं. उद्या त्या काही खास आणणार असं एसटीत कळलं, की मी घरून राजगिऱ्याचे लाडू घेऊन निघायची आणि उपास जाहीर करायची. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी. इतके उपास माझ्या आजीनंही केले नसतील. पाककृती मात्र एकही सोडली नाही. वहीत लिहून घ्यायची.

बाईंनी ते उपास खरे मानले. एका गुरुवारी त्या एसटीत चढल्या त्या एक वेगळाच, कोरा करकरीत डबा घेऊन. "आमच्यात उपास न्हाईत, मला ह्यातलं काय कळत न्हाई. शेजारणीला इचारून भगर केली तुमच्यासाठी. शेंगदाण्याची आमटी बी हाय." मी म्हणाले, घरी जाऊन निवांत खाते. संध्याकाळी घराकडे वळताना कोपऱ्यावर गाय उभी होती. तिच्यापुढे डबा रिकामा केला, घरी नेऊन घासला. रिकामा डबा परत देऊ नये म्हणून त्यात साखर घातली. एवढी रीत मी पाळली.

सकाळी बाई बाकावर जरा अवघडूनच बसल्या. त्या काही बोलायच्या आत मीच सुरू झाले, "काय सुंदर झाली होती हो भगर! मीठसुद्धा अगदी बेताचं."

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, मीठ पडलंच न्हाई की त्याच्यात. उपासाचं मीठ येगळं असतंय म्हणून पुडी आणली, अन् पुडी तशीच राहिली वट्यावर. तुमच्या उपासाचं उष्टं नको, म्हणून मी चव बी बघितली न्हाई. राती घरी उरलेली खाल्ली तवा कळलं. माफी मागायची म्हणून बसले होते."

मी तिकीट शोधायचं निमित्त करून पर्समध्ये डोकं घातलं. मग बाईच म्हणाल्या, "असू द्या. उपासाच्या दिशी तोंडाला चव नसती. न्हाई कळत." माझ्या खोटेपणावर पांघरूण घालायलाही त्याच पुढे आल्या. त्या दिवसानंतर त्यांनी कधी डबा माझ्यापुढे केला नाही. बोलणं मात्र तसंच ठेवलं. भाजी बिघडली की उपाय सांगायच्या. आणि मी निर्लज्जासारखी विचारत राहिले.

स्वतःच्या निवृत्तीच्या वर्षी येळवशीला त्यांनी सगळ्या शाळेला उदगीरजवळच्या आपल्या वावरात बोलावलं. आमच्या लातूरकडे त्या अमावस्येला घरात कुणी जेवत नाही, सगळे शेतात. जीपमध्ये मी मनाशी पक्कं केलं होतं: आज बाईंच्या हातचं जेवायचं, आणि जेवता जेवता त्या भगरीचंही सांगून टाकायचं. वावरात पंगत बसत होती. शेंगाभाज्यांच्या भज्जीचं पातेलं उघडलं होतं, बाजरीचे उकडलेले उंडे, मडक्यात आंबील. मी बसायला जागा शोधत होते, तेवढ्यात बाईंनी मला कडब्याच्या खोपीत बोलावलं. तिथे नव्या ताटात धुतलेली केळी होती.

"अर्धापूरची हायत," त्या म्हणाल्या. "साल तुम्हीच काढा. आत कुणाचा हात लागत न्हाई."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी त्यांच्या पाया पडून रडले तरी असते. "मलाही ताट वाढा" हे शब्द ओठांवर आले होते. पण ते म्हणायचं तर आधी आठ वर्षांचं सगळं सांगावं लागणार होतं. तेवढ्यात बाहेरून मुख्याध्यापकांनी मला हाक मारली, "बाई, चला की जेवायला!" आणि माझ्या आधी सोनकांबळे बाईच ओरडल्या, "त्यांना आज उपास हाय!"

मी खोपीत बसून दोन केळी खाल्ली. बाहेर सगळे भज्जी मागून मागून घेत होते.

बाई आता उदगीरला मुलाकडे असतात. परवा मी येसराची आमटी केली. सुनेनं बोटं चाटत विचारलं, "आई, तुमच्या सोनकांबळे बाईंच्या हातची अशीच लागायची का हो?"

"हो," मी म्हणाले. "अगदी अशीच."