तीस हजार एकतीस

हे गेल्याची बातमी मला करमाडला, भावाच्या घरी कळली. शेजारच्या वहिनींचा फोन आला, "साहेबांना दुपारी झटका आला, दवाखान्यात नेईपर्यंत..." मी गारखेड्यात घरी पोहोचले तर कोपऱ्यावर फ्लेक्स लागलासुद्धा होता, ‘थोर गणितज्ञ हरपले’. मुलगी अजून वैजापूरहून पोहोचायची होती आणि फ्लेक्स छापून तयार...

हे पाटबंधारे खात्यात होते. निवृत्तीनंतर मूळ संख्यांच्या नादी लागले. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही ती. कितीही मोठी मूळ संख्या काढून देणारं सूत्र आपल्याला सापडलं, असं यांचं म्हणणं. दोनपासून मूळ संख्या ओळीनं घ्या, गुणाकार करा, एक मिळवा. दोन त्रिक सहा, अधिक एक, सात. मग एकतीस, मग दोनशे अकरा. सांगायला स्वयंपाकघरात यायचे, मला कणकेचे हात तसेच ठेवून ऐकावं लागायचं. ते दिवस चांगले होते, खोटं कशाला बोलू.

मग वसाहतीतल्या मंडळाच्या अण्णांच्या कानावर हे गेलं. शाल, नारळ, ‘गणितसूर्य’ अशी पदवी. सूत्र कुणी तपासलं नाही. अण्णांना स्टेजवर बसवायला माणूस हवा होता आणि यांना टाळ्या.

आमची वर्षा वैजापूरला कॉलेजात गणित शिकवते. दिवाळीला आली तेव्हा यांनी मोठ्या हौसेनं तिला सूत्र दाखवलं. तिनं थोडा वेळ आकडेमोड केली आणि हळूच म्हणाली, "बाबा, तेरापर्यंत गेलं की तीस हजार एकतीस येतात. त्याला एकोणसाठनं भाग जातो."

"तेवढी एक सोड."

"पुढचीपण फुटते, बाबा. ही वाट जुनीच आहे. लई जणांनी चालून बघितली."

यांनी पुढचं ताट सरकवलं. "बापाचं नाव झालेलं तुला बघवत नाय."

त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. नातीच्या बारशाला मी एकटीच एसटीनं गेले, कारण त्याच दिवशी यांचा आणखी एक सत्कार होता. अण्णा भाषणात म्हणाले म्हणे, घरच्यांनाच किंमत नसते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे मला यांनीच सांगितलं, अभिमानानं.

शोकसभेत अण्णांनी माझ्यापुढं माईक धरला. "वहिनी, साहेबांच्या सूत्राबद्दल दोन शब्द बोला."

"सूत्र चुकीचं होतं," मी म्हणाले. "माझ्या मुलीनं तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही कुणाला तरी विचारलं असतं तर माझ्या घरातलं बोलणं तुटलं नसतं." आणि खाली बसले. चहा आला, तो सगळ्यांनी घेतला.

वर्षाचा फोन दर रविवारी यायचा. हे खुर्चीतून हलायचे नाहीत, तिचं नाव काढायचे नाहीत, फक्त टीव्हीचा आवाज बारीक करायचे. मग मी फोन स्पीकरवर टाकायची. आवाज कमी करायला यांचं बोट उठायचं, जीभ काही उठली नाही... परवा रविवारी फोन वाजला. मी टीव्ही बारीक केला, सवयीनं स्पीकर लावला.

पलीकडून वर्षा म्हणाली, "आई, आता कानाला लाव."