साहेबाला अर्थ सांगणारा माणूस

तपकिरीची चिमूट धरावी तशी बोटं जुळवून ते म्हणायचे, "मूर्ख वेगळा, फॅच्युअस वेगळा. मूर्खाला कधीतरी स्वतःची शंका येते. फॅच्युअस माणूस स्वतःवर खूश असतो."

सोलापूरच्या एका गिरणीच्या कचेरीत आम्ही दोघे कारकून; त्यांचं टेबल माझ्या शेजारी होतं. इंग्रजी शब्द त्यांचा जीव की प्राण, त्यात हा सर्वांत लाडका. उदाहरण ठरलेलं. "हुंडा घेऊन जावई वर उपकार केल्यासारखा हसतो ना? ते हसू फॅच्युअस."

एका वैशाखात गोऱ्या मॅनेजरनं हुकूम काढला, कारकुनांनी बंद गळ्याचा कोट घालूनच यावं. इथलं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. सर्वांच्या वतीनं अर्ज यांनी लिहिला, आणि हुकुमाला चक्क फॅच्युअस म्हटलं.

"अहो, साहेब चिडेल!"

"छे! शिवी लहान शब्दात असते. वजनदार शब्दानं कुणी चिडत नाही. उलट आपली कदर करेल."

साहेबानं कदर केली. अर्ज कुणी लिहिला म्हणून विचारलं, तेव्हा हे अभिमानानं उभे राहिले. शब्द मागे घ्या, माफी मागा, नाहीतर घरी जा, असा निकाल मिळाला.

दुसऱ्या दिवशी गळ्यापर्यंत बटणं लावून ते आत गेले. आम्ही दाराशी कान लावून उभे. "सॉरी सर" ऐकू आलं, तसा आमचा जीव भांड्यात पडला. मग त्यांचा समजावणीचा सूर. साहेबाला शब्द नीट कळला नसावा, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. इंग्रजीतून जावई ऐकू आला, तेव्हाच आम्ही ओळखलं की संपलं.

दुसऱ्या कुठल्याही गिरणीनं त्यांना दारात उभं केलं नाही. कलेक्टर कचेरीबाहेर अर्ज लिहायला बसले, तर लोक त्यांना टाळून पलीकडच्याकडे जात. पुढचा उन्हाळा त्यांनी पाहिला नाही. मला आजही राग येतो; साहेबाचा थोडा, त्यांचाच जास्त. असं हातानं घर बुडवतं का कुणी?

ते गेल्यावर घरी भेटायला गेलो तेव्हा कोट खुंटीवर होता. त्यांची बायको मैंदर्गीकडच्या खेड्यातली. तिनं विचारलं, "भावजी, त्या शब्दाचा अर्थ तरी काय वो? मला कवा सांगितलाच न्हाय त्यांनी."

"मूर्ख, वहिनी."

"येवढंच?" ती कोटाकडे बघत राहिली. "मग मराठीत म्हणायचं की. सायबाला कुटं कळलं असतं."