अक्काचं 'शे' आणि माझा लॅपटॉप

माझ्या जुन्या लॅपटॉपचं 'एस'चं बटण मेलं, तेव्हा मी ते फारसं मनावर घेतलं नाही. मराठी टाइप करताना स आणि श दोन्ही त्याच बटणातून निघतात हे खरं, पण जळगावात बसून मला असं कोणतं पुराण लिहायचं होतं? मग धुळ्याहून अक्का आली.

अक्का माझी थोरली बहीण, शाळेत मराठी शिकवते. ती निवृत्त होणार होती आणि निरोपाचं भाषण तिला अहिराणीत करायचं होतं. जिनं पोरांच्या तोंडातलं 'शे' उपटून तिथे 'आहे' लावलं, 'शे' म्हटलं म्हणून माझेही कान पिरगाळले, तिला! मी मनसोक्त हसले. अक्का हसली नाही.

"आई पहिल्या रांगेत असणार आहे," ती म्हणाली.

 आमची आई साक्रीकडच्या खेड्यातली, तिला अहिराणीशिवाय दुसरं बोलता येत नाही. फार पूर्वी शाळेच्या एका कार्यक्रमात अक्कानं तिला सांगितलं होतं, इथे बोलू नकोस, लोक हसतात. तेव्हापासून आई त्या शाळेत येते, तोंडाला पदर लावून बसते आणि तशीच परत जाते. अक्काला ते आता सलत होतं.

स्टेजवर चष्मा लावायचा नाही, म्हणून भाषण चांगलं मोठ्या अक्षरांत छापून हवं होतं. तिनं पहिलं वाक्य सांगितलं, "मी साक्रीकडनी पोर शे." पडद्यावर उमटलं, "मी आक्रीकडनी पोर हे."

"हे काय आक्रीत?" अक्का म्हणाली.

"'आहे' लिहू का? त्याला एस लागत नाही."

तिनं माझ्याकडे वर्गात बघावं तसं पाहिलं. मी निमूट बाजारात जाऊन बाहेरून जोडायचा कीबोर्ड आणला.

तो जोडायचा कुठे, हा पुढचा घोळ. लॅपटॉपला यूएसबीची दोन भोकं, त्यातलं एक कधीचंच बंद. दुसऱ्यात माउस, कारण टचपॅडही कामातून गेलेला. माउस उपटावा तेव्हा कीबोर्ड लागणार, आणि प्रिंटर लावायचा तर दोघांनाही बाहेरची वाट. दुकानदार एका भोकाची चार करणारा हब घ्या म्हणून सांगत होता, पण मी कुणाचं ऐकते? अख्खी दुपार आमची काढ-घाल चालली. कीबोर्ड लागला की मी मुद्दाम एकाऐवजी तीन-तीन 'शे' टाइप करायची आणि म्हणायची, "मागची बाकी भरून काढतेय." शेवटी अक्कानं माझा कान धरलाच. जादाचे 'शे' खोडायला लावले आणि मगच प्रिंटरला आत घेऊ दिलं.

समारंभात अक्कानं पहिलं वाक्य वाचलं. पोरं खुसखुसली. "मन्ही माय आठे बठेल शे," माझी आई इथे बसलीय, हे तिनं दुसरं वाचलं आणि ती थांबली. अक्षरं एवढी मोठी होती, की स्टेजवर तिच्या मागच्या खुर्चीत बसून मलाही दिसत होती, पण तिला पुढे वाचवेना. एरवी मी तिला चिडवायची संधी सोडत नाही. आज मलाच रडू यायला लागलं.

पहिल्या रांगेत आईनं तोंडावरचा पदर काढला.

"मी आठेच शे," ती सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तू बोल."