पायऱ्या किती, ते लिहा

मला इंटरनेटवर अभिप्राय लिहायची सवय आहे. सवय हा माझा शब्द. बायको खोड म्हणते. वारज्यातल्या आमच्या सोसायटीपासून शनिवार पेठेपर्यंत असं दुकान सापडणं अवघड, जिथे मी चहा प्यायलो किंवा चप्पल शिवून घेतली आणि नंतर गप्प बसलो. नकाशाच्या ॲपवर माझ्या नावापुढे एक छोटंसं चिन्ह झळकतं. हा गृहस्थ फार लिहितो, एवढाच त्याचा अर्थ. मी तो 'जाणकार' असा लावून घेतला होता.

नमुने सांगतो. एका मिसळीच्या हॉटेलाबद्दल मी लिहिलं होतं, "मिसळ बरी. मालकाने हसायला शिकावे." एका पोळीभाजी केंद्राबद्दल, "पोळ्या गोल असतात. याहून अधिक अपेक्षा ठेवू नये."

"बाबा, तू रिव्ह्यू नाही लिहीत," मुलगी एकदा म्हणाली, "तू लोकांच्या दुकानांवर पाट्या लावतोस."

मी ते कौतुक समजलो.

तर अशा या जाणकाराकडे माझी थोरली बहीण सल्ला मागायला आली. ताई खडकीला राहते. तिथल्याच कारखान्यात तिने सगळी नोकरी तपासणी विभागात काढली. तिची सही झाल्याशिवाय माल दाराबाहेर पडत नसे, आणि ती सही सहजासहजी करत नसे. निवृत्त झाली, पण पर्समधला मोजपट्टीचा टेप काही निवृत्त झाला नाही. मंडईत दुधी घेतानासुद्धा तो बाहेर येतो.

"मला एकदा पबमध्ये जाऊन नाचायचंय," ताई म्हणाली.

बायकोने चहाचा कप खाली ठेवला. "ताई, तुम्ही?"

"का? मिरवणुकीत आयुष्यभर मी पाणी वाटलंय. भाऊ नाचायचे, मेहुणे नाचायचे, हा तर नाचता येत नसताना नाचायचा. मी पाण्याचा जग घेऊन कडेला. नंतर कारखान्यात साहेब झाले, मग तर संपलंच. येत्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, चालाल छान, नाचाबिचायचं मात्र विसरा. म्हटलं, जे केलंच नाही ते विसरू कसं? आधी करून घेते."

म्हणजे हातात बारा दिवस. मी छाती पुढे काढली आणि फोन हातात घेतला.

"मी माझ्या फ्रेंड्सना विचारू का?" मुलीने विचारलं.

"काही गरज नाही," मी म्हणालो. "माणसाला वाचता आलं पाहिजे."

मी तीन दिवस वाचलं. बाणेरच्या बाजूला एक पब सापडला, पाचपैकी चार पूर्णांक सात तारे. दीडेकशे अभिप्राय मी मन लावून वाचले. "एकच नंबर भाई!" "किलर व्हाइब्स." "स्वर्ग." एकाने नुसत्या ज्वाळा काढल्या होत्या, सात. एकाने मावळत्या सूर्याचा फोटो टाकून खाली लिहिलं होतं, "शब्द नाहीत." मी प्रभावित झालो. इतक्या लोकांचं पुण्यात एकमत मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

शनिवारी आम्ही तिघं निघालो, ताई, बायको आणि मी. घरून जेवून, अर्थात. ताईने यासाठी खास टिकल्यांचा काळा ड्रेस घेतला होता आणि त्यावर स्वेटर घातला होता, कारण आत एसी असतो असं ऐकून होती. लिफ्टने चौथ्या मजल्यावर पोचलो. लिफ्टचं दार उघडलं, तर समोर एक गोल गोल वर जाणारा लोखंडी जिना. पब त्याच्या वर, गच्चीत.

ताईने पर्स उघडली. वाकून पहिली पायरी मोजली.

"नऊ इंच," ती म्हणाली. "सातच्या वर उजवा गुडघा ऐकत नाही."

वरून ढोल बडवल्यासारखं संगीत येत होतं. खालून चार पोरी हसत आल्या, आम्हाला वळसा घालून भराभरा वर गेल्या. ताई त्यांच्या पावलांकडे बघत राहिली. मग तिने टेप सोडून दिला. तो सर्रकन आत गेला.

गाडी चांदणी चौकात आली.

"किती अभिप्राय वाचलेस?" ताईने मागून विचारलं.

"दीडशे असतील."

"जिना एकाही माणसाने लिहिला नव्हता?"

"गच्चीवर आहे असं होतं."

"मग जिना असणार, हे तुझ्या लक्षात यायला आणखी किती लोकांनी लिहायला हवं होतं?"

मग मागून माझेच अभिप्राय मोठ्याने वाचल्याचा आवाज येऊ लागला. बायकोने तिला ते पान उघडून दिलं होतं. मी आरशात पाहिलं. दोघी एका फोनवर वाकल्या होत्या.

"'मालकाने हसायला शिकावे,'" ताईने वाचलं. "यात मिसळ कुठाय? तिखट किती? बसायला जागा? हे वाचून तिथे जाणारा माणूस काय करेल, मालकाचे दात बघेल?"

"ती शैली आहे, ताई."

"शैली तुझी. पोट त्याचं. आमच्याकडे कुणी नुसतं 'उत्तम' लिहिलं, तर मी कागद परत पाठवायचे. उत्तम कशावरून? कशाने मोजलं? किती वाजता? आणि जे बघितलं नाही, ते 'बघितलं नाही' म्हणून लिहायचं. निम्मी तपासणी तीच असते."

ते दीडशे लोक आणि मी, आमच्यात काही फरक नव्हता. ते ज्वाळा काढत होते, मी टोमणे मारत होतो. जिना दोघांनीही सोडला असता.

दुसऱ्या दिवशी ताईने शोध स्वतःच्या हातात घेतला. तिने पाच तारेवाल्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "खूश माणूस निरीक्षण करत नाही," म्हणाली, आणि नुसत्या एक तारेवाल्या तक्रारी वाचत बसली. शिव्या बाजूला काढल्या, नुसती चिडचिड बाजूला काढली. संध्याकाळी तिचा फोन आला.

"ऐक. नदीपलीकडे एक पब आहे. एका माणसाचा संताप वाचते. 'अत्यंत भिकार. तळमजल्यावर असल्याने कसला व्ह्यू नाही. गुरुवारी सातला उघडतं असं सांगतात, पण नऊपर्यंत चिटपाखरू नसतं. म्युझिक इतकं हळू की शेजारच्याचं बोलणं ऐकू येतं. डान्स फ्लोअरभोवती खुर्च्या ठेवल्यात, लग्नाच्या हॉलसारख्या. एक तारा, तोही जड हाताने.'"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ताई, हे तर..."

"देवमाणूस आहे," ताई म्हणाली. "गुरुवारी साडेसहाला तयार राहा."

गुरुवारी सातला पाच मिनिटं कमी असताना आम्ही पबच्या दारात होतो. दारावरच्या धिप्पाड माणसाने आमच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"मावशी, आत कोन नाय अजून. फरशी पुसत्यात."

"उत्तम," ताई म्हणाली. "ओली आहे का तेवढं सांगा."

"का हो?"

"नाचायचंय. गुडघे गेलेत. सोमवारी कापायचेत."

तो माणूस आत गेला. काचेतून दिसत होतं: पुसणाऱ्याच्या हातातून त्याने कोरडं फडकं घेतलं आणि मधला चौकोन स्वतः पुन्हा पुसला. बाहेर येऊन दार धरून उभा राहिला. "या. वाळलीय."

दारात एक पायरी होती. ताईने मोजली. पाच इंच.

आत खरोखर चिटपाखरू नव्हतं. डीजे हेडफोन गळ्यात अडकवून पोहे खात होता. काय लावू, म्हणाला. "मला नावं माहीत नाहीत," ताई म्हणाली. "तालात असू दे. फार पळू नको."

मी एका उंच स्टुलावर चढून बसलो. पाय लोंबकळत होते आणि मांडीवर ताईचा स्वेटर, ताईची पर्स, बायकोची पर्स. आता कडेला पाण्याचा जग माझ्याकडे होता, असं म्हणायला हरकत नाही.

सुरुवातीला ताई नाचत नव्हती, फरशी तपासत होती. एक पाऊल इकडे, थांबून अंदाज; एक पाऊल तिकडे. मग हात वर गेले. मग खांदे. पाय जवळपास जागचे हलत नव्हते, पण कमरेच्या वरची बाई कारखान्यात कुणी पाहिली नसेल. टिकल्यांवर हिरवे, जांभळे ठिपके पळत होते. बायको गेली, तिने ताईचा हात धरला, आणि दोघी गोल फिरल्या, अगदी हळू. ताई तोंड उघडून हसत होती. माझी ही बहीण हसताना तोंडावर हात ठेवते. त्या दिवशी दोन्ही हात कामात होते.

मी पर्समध्ये रुमाल शोधला. टेप सापडला.

ताईने घड्याळ लावलं होतं. अकरा मिनिटं. मग ती पाठ टेकता येणाऱ्या खुर्चीवर बसली, घाम पुसला आणि म्हणाली, "झालं. आता लिही."

मी तिथेच लिहिलं, "एक अविस्मरणीय संध्याकाळ! नितांतसुंदर वातावरण!"

तिने फोन हातात घेऊन वाचलं आणि परत दिला. "सही करणार नाही."

चौथ्या खेपेला सही झाली. तो अभिप्राय असा :

"गुरुवारी सात ते आठ होतो. दारात एक पायरी, पाच इंच. पुढे सपाट. फरशी पुसलेली असते, ओली आहे का विचारावे. विचारल्यास कोरडी करून देतात. पाठीच्या खुर्च्या सहा. आवाज बोलता येईल इतका. डीजेला सांगितल्यास हळू लावतो. गुडघे दुखणाऱ्यास अकरा मिनिटे नाचता आले. स्वच्छतागृह पाहिले नाही. नऊनंतरचे माहीत नाही."

माझ्या आयुष्यातला हा सर्वांत रटाळ मजकूर आहे. मुलीने वाचला आणि म्हणाली, "बाबा, पहिल्यांदा काहीतरी कळलं."

ऑपरेशन नीट झालं. पाचव्या दिवशी आम्ही दवाखान्यात ताईच्या खाटेपाशी बसलो होतो, तेव्हा त्या पबच्या पानावर कुणीतरी प्रश्न टाकला, "आईला वॉकर आहे. दार किती रुंद आहे?"

मी लगेच टाइप करायला घेतलं, "भरपूर मोठे आहे, बिनधास्त..."

"मोजलंस?" ताईने पडल्या पडल्या विचारलं.

मी खोडलं. "दार मोजलेले नाही," असं लिहून पाठवलं.

ताईने उशीखाली हात घालून टेप काढला आणि खाटेला टेकवलेल्या स्वतःच्या नव्या वॉकरवर आडवा धरला.

"चोवीस इंच," ती म्हणाली.

"हे लिहू?"

"लिहायचं काय त्यात? हा वॉकर घेऊनच जाऊ. गेला आत, तर गेला असं लिही."

"अहो ताई," बायको म्हणाली, "डॉक्टर नाचू नका म्हणालेत ना?"

"नाचतंय कोण? मी दार मोजायला जातेय." ताईने टेप उशीखाली सारला. "आणि हे बघ, तो टिकल्यांचा ड्रेस धुवायला टाकलायस ना? इस्त्रीवाल्याला म्हणावं, इस्त्री उलट्या बाजूने कर."