पाटीवरचं कुंकू

देव माझं ऐकत नाही, अशी त्या वर्षी माझी जवळजवळ खात्रीच झाली होती. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी लोणीच्या शाळेत मास्तर, खोली घेऊन एकटा राहायचो. बायको जुन्नरला नर्स. रविवारी जुन्नरच्या चर्चमध्ये भजनं मीच सांगायचो आणि माझी सगळी मिजास त्या आवाजावर होती. नेमकी घशातच गाठ निघाली. डॉक्टरांनी बजावलं, सहा आठवडे तोंडातून शब्द काढायचा नाही. गाठ उतरली तर ठीक, नाहीतर कापावी लागेल, आणि मग आवाजाचं काही सांगता येणार नाही.

मी मनातल्या मनात प्रार्थनेचा सपाटा लावला. प्रभू, आवाज तेवढा राहू दे. पलीकडून चकार शब्द नाही. मग एका फादरांची आठवण झाली. ते जपानात राहून झेन पद्धतीनं ध्यानाला बसायला शिकले होते. येशूसमोर नुसतं बसायचं, श्वास मोजायचा, मागायचं काही नाही, असं ते चर्चच्या शिबिरात सांगत. मी तेव्हा भिंतीकडे तोंड करून चक्क घोरलो होतो. आता रजाच होती, म्हणून रोज सकाळी ओट्यावर घोंगडी टाकून बसू लागलो. श्वास तीनपर्यंत मोजून झाले की गाठ आठवायची.

तिसऱ्या दिवशी हौसाबाई आली. गल्लीच्या टोकाला राहणारी म्हातारी, पूर्वी मेंढरं राखायची, आता एक शेळी उरलेली. "गुरुजी, मौन धरलंय व्हय?" मी पाटीवर लिहून दाखवलं, 'घशात गाठ आहे. बोलायला मनाई आहे.' तिला अक्षरओळख नव्हती. ती पाटीच घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी अक्षरांवर कुंकवाचं बोट लावून परत आणली. म्हातारीनं मला मौनीबाबा करून टाकलं, असं वाटून मला हसू आवरेना, पण हसायचीही चोरी होती.

मग ती रोज येऊ लागली आणि आपलं मन मोकळं करू लागली. मुलाला न विचारता तिनं मेंढरं विकली होती. तो रागानं पारगावच्या कारखान्यात कामाला गेला, तो दोन वर्षं घरी फिरकला नव्हता. ती रोज त्याला शिव्या घालायची. माझ्या जिभेवर सल्ले तयार असायचे. पोराला चांगलं फैलावर घ्या, असं मी नक्की म्हणालो असतो. पण बोलता येत नव्हतं. एके दिवशी बोलता बोलता ती थांबली. "चूक माजीच व्हती, गुरुजी. मीच जाते पारगावला." गेली, आणि आली ती हसतच. "बोललं पोरगं. तुमी ऐकून घेतलं, म्हणून धीर आला."

तपासणीच्या आदल्या सकाळी मी बसल्या जागी सारखा गळा चाचपत होतो. हौसाबाईनं बघितलं. "आज मी बी गप बसते," म्हणाली आणि शेजारी टेकली. शेळी माझ्या घोंगडीच्या दशा चघळत होती. ऊन ओट्यावर आलं तरी आम्ही तसेच बसलो होतो. तेव्हा मनात आलं, या बाईला मी एका शब्दानं उत्तर दिलेलं नाही, पण तिचा एकही शब्द माझ्या कानाआड गेलेला नाही. मग प्रभूनं माझं ऐकलं नाही, हे मी कशावरून ठरवलं? त्या दिवशी मी काहीच मागितलं नाही. खूप बरं वाटलं.

गाठ उतरली होती. औषधानं, विश्रांतीनं की आणखी कशानं, याचा काथ्याकूट मी करत नाही. वरचा सूर गेला तो गेलाच. आता भजन दुसरा कोणी सांगतो, मी मागे म्हणतो आणि त्यात सुखी आहे.

बोलू लागल्यावर हौसाबाईला पहिलं हेच सांगितलं, "मावशी, ते मौन नव्हतं हो. माझा घसा बिघडला होता."

"ठावं हाय की. लेकीची पोर आली व्हती, तिनं पाटी वाचली. गाठ उतरावी म्हणून तर कुंकू लावलं."

मी ओशाळलो. "मग रोज कशाला येत होतात?"

"एकल्या माणसानं किती गप बसायचं?"

ती पाटी अजून आमच्या घरात क्रुसाखाली आहे. मी पुसलेली नाही.