अगं बाई, दूध!

माझ्या थोरल्या नणंदेला घरात सगळे डायरेक्टर म्हणतात. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. इतरांत मिसळायला, बोलायला, खेळायला जड जातं अशा लहान मुलांच्या वर्गावर त्या शिकवतात, आणि खेळ शिकवण्यासाठी छोटे छोटे व्हिडिओ काढतात. दोन माणसं खेळताना दिसतात, मूल ते पुन्हा पुन्हा बघतं आणि मग तसंच करून पाहतं. कल्पना झकास आहे. माझी तक्रार एवढीच, की ती दोन माणसं म्हणजे मी आणि माझा नवरा.

त्या रविवारी आम्ही दोघं जमिनीवर फतकल मारून बसलो होतो. समोर पिठाच्या डब्याला टेकवलेला मोबाईल. मी खेळण्यातली गाडी ढकलायची आणि म्हणायचं, ‘घे, आता तू!’ नवऱ्याने ती परत पाठवायची. एवढंच. पण वन्संचं समाधान होईल तर शपथ!

‘अगं, हसून म्हण ना. भांडल्यासारखे दिसताय दोघं.’

‘वन्सं, आम्ही खरंच भांडलोय.’

‘मग ते नंतर पुरं करा. मुलं सगळं उचलतात, व्हिडिओत जास्तीचं काही नको.’

व्हिडिओ त्यांच्या वर्गातल्या एका मुलीसाठी होता. वन्सं तिला लाडाने राणीसरकार म्हणतात, कारण ती कुणाकडे ढुंकून बघत नसे. तो काही तोरा नव्हता. दुसऱ्याबरोबर खेळतात कसं, तेच तिला उमगत नव्हतं. घरी धाकटा भाऊ खेळणं घेऊन तिच्यापुढे जायचा, ती पाठ फिरवायची. शेवटी त्याने जाणंच सोडलं. ‘टीचर, दोघं एकदा तरी बरोबर खेळू देत,’ असं तिची आई म्हणाली, तेव्हापासून वन्संना जेवण गोड लागत नव्हतं. म्हणून तर मी गुडघ्यांची कुरकुर गिळून बसले होते.

अखेर जमलं. मी हसले, नवरा हसला, गाडी नाकासमोर गेली. नेमक्या त्याच वेळी खुद्द डायरेक्टर ओरडल्या, ‘अगं बाई, दूध!’ आणि कॅमेऱ्यासमोरून स्वयंपाकघरात धावल्या. दूध केव्हाच उतू गेलं होतं. पुन्हा बसायला मी साफ नकार दिला. वन्संनी शेवट कापून नवीन व्हिडिओ केला, आणि मुलीच्या आईला घाईघाईत जुनाच पाठवला.

आठवड्याभराने आईचा फोन आला. वन्संनी तो स्पीकरवर टाकला.

‘टीचर, तिने भावाकडे गाडी ढकलली! “घे, आता तू” म्हणाली!’

वन्संनी माझा हात घट्ट धरला.

‘आणि मग “अगं बाई, दूध!” ओरडून स्वयंपाकघरात पळाली. हाही पळाला मागे. सकाळपासून घरात हेच चाललंय.’

वन्संनी कपाळाला हात लावला. मला हसू आवरेना, म्हणून मी तोंडात रुमाल कोंबला.

‘चूक माझीच,’ वन्सं म्हणाल्या. ‘तो पुसून टाका. मी लगेच दुसरा पाठवते.’

‘अहो, नको! आता धाकटा स्वतःहून गाडी घेऊन येतो आणि विचारतो, “ताई, दूध-दूध खेळायचं?” थांबा, ऐकाच तुम्ही.’

फोनमधून आधी गाडीची खडखड आली. मग मुलीचा आवाज, अगदी वन्संच्या पट्टीत, ‘अगं बाई, दूध!’

आम्ही पळण्याचा आवाज ऐकायला कान टवकारले. पळालं कुणीच नाही. उलट तीच मुलगी म्हणाली, ‘घे, आता तू!’

धाकट्याने जी बोंब ठोकली, तिने आमचा स्पीकर खरखरला. त्यामागोमाग दोघांची पळापळ आणि दोघांचं हसणं.

ओरडायची संधी भावाला देणं आमच्या कुठल्याच व्हिडिओत नव्हतं.

‘हे मी शिकवलं नव्हतं गं,’ वन्सं म्हणाल्या. त्यांनी फोन बराच वेळ ठेवलाच नाही.