त्यांच्या पश्चात पत्नी

ज्या माणसाला मी छापील श्रद्धांजली वाहिली होती, त्यानंच दार उघडलं. अंगात बनियन, कमरेला लुंगी, हातात काठी. माझ्यापुढे आमच्या भागाचे आमदार हात जोडून, डोळे अर्धवट मिटून उभे होते आणि त्यांचं वाक्य सुरूही झालं होतं, "चाचांच्या जाण्यानं आपल्या सगळ्यांचाच आधार..." सोबतच्या फोटोग्राफरनं तेवढ्यात बटण दाबलं. मग आमदारांनी डोळे उघडले.

"या साहेब, बसा," चाचा म्हणाले. "चाचा मीच."

मी दाराची चौकट घट्ट धरली.

हे सगळं माझंच कर्तृत्व, तेव्हा आधी माझी ओळख करून द्यायला हवी. अकोल्यात एका शाळेत मी तीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त झाले, त्याच्या दुसऱ्याच वर्षी यजमान गेले. मुलगी अमरावतीला दिलेली. घर खायला उठायचं. आमदारांचं एक मासिक वार्तापत्र निघतं, चार पानांचं. त्यातली तीन पानं त्यांच्या फोटोंची, म्हणजे नालीचं भूमिपूजन, सभामंडपाचं उद्घाटन, पुन्हा एका नालीचं भूमिपूजन. चौथं पान त्यांनी मला दिलं. त्यात दोन सदरं होती. एक 'सुखदुःख', म्हणजे भागात कोण जन्मलं, कोण पास झालं, कोण गेलं. दुसरं 'शेजार-संवाद'. आमच्या भागात भिंतीला भिंत लागून हरतऱ्हेची माणसं राहतात, त्यांना एकमेकांच्या चालीरीती कळाव्यात असं आमदारांच्या मनात होतं. मतांसाठी असेल, मनापासूनही असेल. माणूस एकाच पोटात दोन्ही ठेवू शकतो, मी त्यांना नावं ठेवत नाही.

मी 'शेजार-संवाद'मध्ये सुतक म्हणजे काय ते लिहिलं, रोजा कसा सोडतात ते लिहिलं. इद्दतवर लिहिलेला लेख तर फारच नावाजला गेला. नवरा गेल्यावर मुसलमान बाई चार महिने दहा दिवस घराबाहेर पडत नाही, शोकाचा तो काळ घरातच काढते, आपण तिच्या एकांताचा मान ठेवावा, असं मी त्यात ऐटीत लिहिलं होतं. एका बैठकीत आमदार सर्वांसमक्ष म्हणाले, "मॅडमना दोन्हीकडचं कळतं." मला ते खरं वाटलं. घोडं पेंड खातं ते इथंच.

चाचा-चाची माझे लागून शेजारी. एकोणीस वर्षांची एकच कंपाउंडची भिंत, माझ्या खांद्याइतकी उंच. चाचांना जुनाट दमा. पहाटे त्यांचा खोकला सुरू झाला की मी उठायचे, मला घड्याळाची गरज नव्हती. आणि भिंतीवरून चाची. कढीपत्ता घ्यायला, चिंच द्यायला, काहीच नसलं तर नुसतं "काय करून राहिल्या बाई?" विचारायला. यजमान गेले त्या दिवशी गल्लीतल्या बायका आल्या, पाच-दहा मिनिटं टेकल्या, उठल्या. चाची आल्या, माझ्याशेजारी सतरंजीवर बसल्या आणि दुपारभर एक शब्द न बोलता बसून राहिल्या. जाताना त्यांनी ओट्यावर पिशवी ठेवली, तिच्यात कणीक, तूरडाळ आणि दुधाची पिशवी. शिजवलेलं आमच्याकडे चालेल की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून कच्चंच आणलं होतं.

यंदा मुलीचं बाळंतपण होतं. मी दीड महिना अमरावतीला राहिले. परतताना जावयाच्या मोर्शीच्या बागेतली संत्री आणली, एक पिशवी घरची आणि एक खास चाचींसाठी. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीवाली माळीणबाई दारात टोपली उतरवतानाच म्हणाली, "बाई, तुमी नव्हत्या. तुमच्या शेजारी मयत झाली न व! लय मानसं आले होते."

मी विचारलंच नाही, कोण. विचारायचं काय त्यात? पहाटे खोकला ऐकू आला नव्हता. आठवडाभर लक्ष ठेवलं, खोकला नाहीच. भिंतीशी चाचीही येत नव्हत्या, म्हणजे इद्दत. सगळं कसं चपखल बसत होतं. त्यांच्या सुनेला एकदा दोरीवर कपडे वाळत घालताना पाहिलं, तिचे डोळे सुजलेले होते. मी लांबूनच हात जोडले, तिनं मान हलवली. मनात आलं, जावं. पण मीच लिहिलं होतं ना, एकांताचा मान ठेवावा? संत्र्यांची पिशवी जिन्याखाली ठेवली. चार महिने दहा दिवस झाले की नवी आणू, असं मी चक्क ठरवलं.

आणि बसले लिहायला. चाचा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते, मितभाषी होते, मराठी पेपर ओळ न् ओळ वाचायचे, हे सगळं मायेनं लिहिलं. शेवटी रिवाजाप्रमाणे, 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलं, एक मुलगी आणि नातवंडं असा परिवार आहे.' मजकूर माझा म्हटल्यावर कोण तपासणार? छापून आला. अंक निघाला की त्यातल्या दुःखाच्या घरी आमदार स्वतः जातात, तसे या घरीही निघाले, आणि शेजारीण म्हणून मी पुढे झाले.

तर चाचा दारात उभे. जिवंत.

"मग..." मी त्यांच्या मागे आत डोकावले. "चाची?"

"तिले जाऊन आज चोवीस दिवस झाले, बाई."

आमदार मटकन खुर्चीवर बसले. फोटोग्राफरनं कॅमेरा हळूच पाठीमागे नेला. चाचा मात्र शांत होते. मयतीनंतर त्यांची मुलगी त्यांना बाळापूरला घेऊन गेली होती, आदल्या दिवशीच ते परतले होते, आणि दाराखालून सरकवलेला अंक त्यांनी ओळ न् ओळ वाचला होता. आपली श्रद्धांजली वाचून झालेला माणूस आमची वाट पाहत होता!

आमदारांनी त्यांचे दोन्ही हात धरून माफी मागितली. हे मी सांगितलंच पाहिजे, कारण चूक त्यांची नव्हती. निघताना फाटकापाशी ते थांबले आणि हळू आवाजात मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही शेजारीच राहता ना?"

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं.

मी परत आत गेले. एकोणीस वर्षांत त्या घराची आतली खोली मी पहिल्यांदा पाहत होते. माझ्या खोलीसमोरच ती, मधे फक्त कंपाउंडची भिंत. भिंतीला टेकून चाचींची शिलाई मशीन होती, तिच्यावर झाकण घातलेलं. सुनेनं पाणी आणून दिलं. मी बोलायला म्हणून बोलले, "मला वाटलं इद्दत आहे, म्हणून मी आले नाही."

"पन बाया तर येतात, मॅडम," ती म्हणाली. "बायाले कोन मनाई करते?"

माझ्या लेखाला एवढंच उत्तर होतं. चाचींना आमच्या चालीरीती काडीच्याही माहीत नव्हत्या, म्हणून त्या येऊन बसल्या. मला त्यांच्या माहीत होत्या, म्हणून मी गेले नाही. संताप आला मला स्वतःचा, वर्गात एखाद्या हुशार पोरानं सोपं शुद्धलेखन चुकवलं की यायचा तसा.

"ताप आला, दोन दिवसांत खेळ खलास," चाचा सांगत होते. "ती म्हने, बाईले फोन लावा. मी म्हटलं, बाळंतपनाच्या घरी आपली बिमारी काहून सांगाची? लेकरू होऊ दे सुखरूप, मंग सांगू. नाही लावला फोन. तेवढं माफ करा."

माफ करा! हे ते मला म्हणत होते. मी रडले. मग शाळामास्तरणीची खोड, पर्समधून वही-पेन काढलं. म्हटलं, "चाचा, पुढच्या अंकात मोठ्या अक्षरात दुरुस्ती छापते. चाचींवर नीट लिहिते. त्यांचं... त्यांचं नाव काय होतं?"

आपल्या मरणाची बातमी वाचून जो माणूस हलला नव्हता, तो त्या प्रश्नानं हलला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सून दारात थबकली.

"एकोणीस वर्स झाले, बाई," ते म्हणाले. एवढंच. मग त्यांनी नाव सांगितलं, अगदी हळू. साधं, दोन अक्षरी नाव होतं.

मी ते लिहिणार तोच त्यांनी वहीवर हात ठेवला. "छापू नका."

"असं कसं? चुकीचं आहे ते."

त्यांनी उशीखालून कागद काढला. माझंच पान, कात्रीनं नीट कापलेलं. शेवटच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं आणि वाचून दाखवलं, "'त्यांच्या पश्चात पत्नी.'" श्वास लागला म्हणून थांबले. "दम्याचा मानूस मी. मी पयले जाईन अन् ती मागं राहीन, असंच ठरेल होतं आमचं. तिनं तशी तयारीबी करेल होती. सगळे येऊन मले सांगून गेले, ती गेली, ती गेली. ह्या एका कागदावर ती हाये. राहू द्या."

मी पेनाला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिन्याखालची पिशवी उघडली. निम्मी संत्री सुकून दगड झाली होती. जी बरी होती ती घेऊन फाटकातून आत गेले आणि चाचांना सोलून दिली. पुढच्या अंकात दुरुस्ती आली नाही. आमदारांच्या कार्यालयातून दोनदा फोन आला, मी सांगितलं, घरच्यांचा नकार आहे. 'शेजार-संवाद' मी बंद केलं. लोक कारण विचारतात, तेव्हा मी वयाचं निमित्त सांगते.

पहाटे खोकला पुन्हा ऐकू येतो आणि मी उठते. चाचींचं नाव मी तिथं छापलं नाही, म्हणून इथंही लिहीत नाही. पण कढीपत्ता तोडताना भिंतीपाशी कधी ते तोंडात येतं. एकोणीस वर्षांत एकदाही मी त्यांना त्या नावानं हाक मारली नव्हती.